दुखण्याचा वाटा

वर्ग हसला आणि त्यात मीही हसले. त्या दिवसातलं बाकी सगळं मी एखादे वेळी विसरेन, ते हसणं मात्र माझ्या मानेवर कायमचं बसलं आहे. आमचे प्रोफेसर तसे रुक्ष गृहस्थ. वर्षातून एकच विनोद करायचे आणि तोही दर वर्षी तोच, असं वरच्या वर्गातली मुलं सांगत. लढाई नुकती संपली होती, औषधशास्त्राच्या पदवीचा तो वर्ग मुंबईत निघून तीन-चारच वर्षं झाली होती आणि त्यात आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या होतो, त्यामुळे विनोद झाला की आपल्यालाही तो कळला हे दाखवण्याची आम्हाला घाई असे. सरांनी टेबलावर औषधाची एक बाटली ठेवली. ती बरेच दिवस न हलवता ठेवलेली होती. औषध वरून निवळशंख दिसत होतं. मग त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा तळाशी काचेला लगटून बसलेले सुईसारखे बारीक स्फटिक चमकले. कुचल्याचं सत्त्व, म्हणजे स्ट्रिक्नीन, आणि ब्रोमाइड ही दोन औषधं कधी एका बाटलीत घालू नयेत, सर सांगत होते. स्ट्रिक्नीन थेंबभर दिलं तर माणसाला भूक लागते, तरतरी येते. ब्रोमाइडनं झोप लागते. दोन्ही गुणाचीच. पण एकत्र नांदू लागली की स्ट्रिक्नीन हळूहळू द्रवातून सुटतं आणि तळाला जाऊन बसतं. रोगी वरचं वरचं पीत राहतो, त्याला काही होत नाही. शेवटच्या मात्रेत मात्र सगळ्या बाटलीचं विष एकदम पोटात जातं. “तात्पर्य,” सर म्हणाले, “जो रोगी आपलं ऐकत नाही आणि बाटली अर्धवट टाकून देतो, तो जगतो. मरतो तो आज्ञाधारक.” वर्ग हसला, मी हसले, आणि हसता हसता मला अप्पांचा हात दिसला. बाटलीत घोटभर पाणी घालून, अंगठ्यानं तोंड दाबून, ती खळखळ हलवणारा हात. “तळाचं सगळं येऊ दे,” असं म्हणत ते ती बाटली आईच्या भांड्यात उपडी करत होते.

नंतरचा तास कशाचा होता ते मला सांगता येणार नाही. मी वही उघडून बसले होते आणि शेजारची मुलगी काहीतरी विचारत होती, तिला मी हो हो म्हणत होते. अप्पा म्हणजे माझे वडील. लोणावळ्याला बाजाराच्या तोंडाशी त्यांचं औषधांचं छोटं दुकान आहे, पण लोकांच्या लेखी ते अजून कंपाउंडरच. पूर्वी तिथे एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्या हाताखाली अप्पांनी उभी हयात औषधं बनवली. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि अप्पा पडद्यामागे मापं ओतत. मी लहान असताना त्या पडद्यामागेच खेळायचे. मापाच्या काचेचा किणकिण आवाज, कापराचा आणि बडीशेपेच्या पाण्याचा वास, आणि अप्पा कागदाची लांबोळी पट्टी दुमडून तिच्या कडेला कात्रीनं खाचा पाडायचे ते. एक खाच म्हणजे एक मात्रा. खळ लावून ती पट्टी बाटलीला चिकटवायची आणि रोग्याला म्हणायचं, सकाळी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. वाचता न येणाऱ्यालाही समजावं म्हणून ही सोय. तेव्हा मला वाटायचं की दुखणं त्या खाचांच्या जिन्यावरून एकेक पायरी उतरतं आणि तळाशी गेलं की संपतं.

बाटली रोग्यानं घरून आणायची. काचेची बाटली तेव्हा काही रस्त्यावर पडलेली नसे. मुंबईकरांच्या बंगल्यांवर राखणीला असलेली माणसं साहेबांच्या रिकाम्या दारूच्या बाटल्या आणायची, बाकीचे तेलाच्या नाहीतर अत्तराच्या मोठ्या कुप्या आणायचे आणि अप्पा गरम पाण्यानं त्या धुवत बसायचे. डॉक्टर कधीकधी दोन औषधं लिहून द्यायचे, एक ताकदीचं, एक झोपेचं. पण मळवली, भाजे अशा गावांहून चालत आलेल्या बाईकडे बाटली एकच. तिला परत पाठवायचं, दुसरी बाटली आण म्हणायचं, म्हणजे तिचा आणखी एक दिवस मोडायचा. अप्पांना ते जीवावर यायचं. ते दोन्ही औषधं त्या एकाच बाटलीत भरून द्यायचे. डॉक्टरांनाही त्यात काही वावगं वाटलं नसावं. ताकदीचं आणि झोपेचं मिळून एकच औषध झालं आणि ते ‘कंपाउंडरसाहेबांचं औषध’ म्हणून चाललं. अप्पांना त्या नावाचं फार सुख होतं. सुख होण्यासारखं त्यांच्या आयुष्यात दुसरं विशेष काही नव्हतंच, आई आणि मी सोडून.

मग त्या एवढ्या लोकांपैकी कुणाला काही का झालं नाही? हा प्रश्न मला हॉस्टेलच्या नळावर तोंड धुताना पडला आणि त्याचं उत्तरही तिथेच, तोंडाला साबण असताना मिळालं. कारण ते लोक शेवटची मात्रा घेतच नसत. आमच्याकडे बयाबाई यायची, मळवलीच्या एका बंगल्यावर राखणीला असलेली, उंच, दणकट आणि तोंडाची तिखट. ती अप्पांना सरळ सांगायची, “सगळं प्यालं तर दुकनं म्हनतंय, आनखी बाटली आन. त्येचा वाटा त्येला दिला म्हंजी गपगुमान जातंय.” तळाशी एक मात्रा राखायची आणि ती घराबाहेर निवडुंगाच्या बुंध्याशी ओतून यायची. दुखण्याचा वाटा. अप्पा संतापायचे. “वाटा? त्याला काय मी पंगतीला बोलावलंय? पैसे मोजून घेता आणि निवडुंगाला पाजता!” बयाबाईवर याचा काडीचा परिणाम होत नसे. ती पदराआड हसायची आणि बाटली घेऊन जायची. ती आणि तिच्यासारख्या सगळ्या जणी अप्पांच्या औषधातून सुखरूप पार पडल्या, कारण त्यांनी अप्पांचं ऐकलं नाही. आज्ञाधारक आमच्याच घरात होती. आमच्या घरात तुपाचं भांडं भात घालून निपटायचे, ताकाच्या लोट्यात पाणी फिरवून ते प्यायचे, तिथे औषध कोण ओतून देणार? कंपाउंडरची बायको औषध फेकते असं लोक म्हणाले असते. अप्पा स्वतः बाटली विसळून द्यायचे आणि आई ते विसळलेलं पाणीही पिऊन टाकायची.

मी नऊ वर्षांची होते. आईचं मूल पोटातच गेलं होतं, त्यानंतर ती उठेना, जेवेना, तिला झोप येईना. म्हणून ते औषध. आणि त्याने गुण येत होता. ती अंगणात येऊन बसायला लागली होती. त्या दिवशी दिवेलागणीला तिनं शेवटची मात्रा घेतली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “अगं बाई, आज फारच कडू लागलं.” अप्पा म्हणाले, “तळाचं कडूच असतं.” हे वाक्य मला इतकी वर्षं आठवत होतं, पण नुसतं आठवत होतं. मी ते कौतुकानं मैत्रिणींना सांगितलंही असेल, आमचे अप्पा कसे बोलतात म्हणून. मग आईची मान आखडली. पाठ ताठ झाली, टाचा अंथरुणात रुतल्या, कमान झाली. डॉक्टर धावत आले. काही दिवसांपूर्वी कुंपणाची तार लागून तिच्या पायाला जखम झाली होती, ती त्यांनी पाहिली आणि धनुर्वात म्हणाले. सगळ्यांनी धनुर्वात म्हटलं. मोरीत कुणाच्या हातून तांब्या पडला तर त्या आवाजानं तिला पुन्हा झटका आला, म्हणून अप्पांनी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. मला राहू दिलं. आणि झटका ओसरला की ती सैल व्हायची, अगदी पहिल्यासारखी, आणि शुद्धीत असायची. माझ्याकडे बघून म्हणाली, “अनू, वेणी कुणी घातली गं? वाकडी आलीय.” मी मागं हात नेऊन वेणी धरली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

धनुर्वातात दोन झटक्यांच्या मधेही अंग ताठच राहतं. जबडा आधी धरतो आणि सगळं दिवसचे दिवस चालतं. स्ट्रिक्नीनमध्ये मधल्या वेळात स्नायू सैल पडतात, माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो आणि काही तासांत सगळं आटोपतं. हे आमच्या पुस्तकात शेजारी शेजारी दोन रकान्यांत छापलं होतं. मी ते पान आधीच पाठ केलं होतं. चांगलं पाठ केलं होतं, आणि पाठ करताना मला आई आठवली नव्हती. अभ्यास हा असा असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी लायब्ररीत जाऊन ते पान पुन्हा उघडलं आणि त्यावर हात ठेवून बसले. मला रडू येत नव्हतं. मला अप्पांची दया येत होती.

खरं तर मला संस्कृत घ्यायचं होतं. आई गेल्यावर मला तळेगावला आत्याकडे ठेवलं होतं, तिथे शाळा झाली, आणि पुढे कॉलेजची गोष्ट निघाली तेव्हा अप्पा, जे कधी कशाचा हट्ट धरत नाहीत, ते हटून बसले की औषधशास्त्रच शीक. आत्या म्हणाली, पोरीच्या जातीला खल-बत्ता स्वयंपाकघरातला पुरे नाही का? अप्पा म्हणाले, पुरे नाही. सुट्टीत मी घरी गेले की ते मला दुकानात बसू देत नसत, “सुट्टीत कसली औषधं,” म्हणायचे, पण जेवताना हटकून विचारायचे, “कुठपर्यंत आलं शिकवून?” मी मोठी मोठी नावं घ्यायचे. ते मान डोलवायचे, भात कालवायचे. मला वाटायचं, बापाची हौस.

आता काय करायचं? गप्प बसले तर अप्पा आजही कुणाच्या तरी एकाच बाटलीत दोन्ही औषधं भरत असतील. आणि आता मळवलीच्या मुली शाळेत जातात, शिकल्यासवरल्या सुना येतात. एखादी शहाणी निघायची आणि सासूला म्हणायची, आत्याबाई, औषध असं ओतून देऊ नये. आणि सासू तळाचं पिऊन मरायची. तिला मी मारलेलं असणार. आणि बोलले तर? अप्पा काही खुळे नाहीत. शेवटची मात्रा, एवढे दोन शब्द उच्चारले की ते त्या संध्याकाळी जाऊन पोहोचणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मुलीला शिकवून शहाणी केली आणि तिनं पहिली शहाणपणाची गोष्ट कुठली सांगितली, तर तुम्ही आईला मारलंत. हे मी करणार नव्हते. आणि न करून चालणार नव्हतं.

मी पोटदुखीचं कारण सांगून रजा घेतली आणि पुण्याची गाडी पकडली. दिवस थंडीचे होते. डब्यात समोर एक म्हातारा शाल पांघरून झोपला होता आणि त्याची बायको त्याचं डोकं दर वळणावर खिडकीपासून अलगद बाजूला घेत होती. कर्जतला मागून इंजिन लागलं, तो धक्का बसला, आणि गाडी घाट चढू लागली. मी मनात वाक्यं जुळवत होते. ब्रोमाइड महाग झालंय म्हणून देऊ नका? ते चार दिवसांत स्वस्त होईल. सरकारनं बंदी केलीय? ते सरकारी कागद मागतील. शेवटी मी ठरवलं की औषधाचं खरं सांगायचं आणि परिणामाचं खोटं. तळाशी साका बसतो, गाळ धरतो, हे खरं. तो पोटात गेला तर काय होतं, ते मात्र असं सांगायचं की त्यात आईचा चेहरा कुठेच दिसू नये. बोगदा आला, दिवा नव्हता, सगळा डबा काळा झाला आणि त्या काळोखात मी एकेक लक्षण उलटं करत गेले. ताठरतो त्याच्या जागी सैलावतो. शुद्धीत असतो त्याच्या जागी गुंगीत असतो. आवाजानं दचकतो त्याच्या जागी त्याला काही ऐकू येत नाही. मी एक नवीनच मरण तयार करत होते आणि ते इतकं चांगलं जमत होतं की बोगदा संपला तेव्हा मला वाईट वाटलं.

अप्पा दुकानात होते. मला दारात बघून ते घाबरले, चष्मा कपाळावर गेला. “बरी आहेस ना?” मी म्हटलं, “बरी आहे. तुमच्या हातची आमटी खावीशी वाटली.” त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग म्हणाले, “हं. चिंचेची करू.” दुकान उघडंच टाकून ते मागच्या खोलीत गेले आणि खरोखर डाळ शिजत टाकून आले. आई गेल्यापासून ते स्वतःच रांधतात. त्यांच्या आमटीत गूळ नेहमी जास्त पडतो. त्यांचे हात आता थोडे थरथरतात, पण माप धरलं की थरथर थांबते, हे मी पाहिलं. ते पुड्या बांधत बसले, मी खलाशेजारच्या स्टुलावर बसले. समोर रस्त्यावरून चिक्कीवाल्याकडचा गुळाचा वास येत होता. डोंगराकडून धुकं उतरत होतं आणि मला वाटत होतं की इथेच, असंच, काही न बोलता आमटी होईपर्यंत बसून राहावं.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुमचं ते ताकदीचं आणि झोपेचं एकत्र असायचं ना, ते औषध. त्याबद्दल आमच्या सरांनी परवा सांगितलं.”

“काय सांगितलं?” पुडीची घडी घालताना त्यांचं बोट क्षणभरही अडलं नाही.

“ती दोन एका बाटलीत घालू नयेत म्हणे. साका बसतो.”

“असं?”

“हो. वेगवेगळी द्यावीत. आता नवीन संशोधन झालंय, पूर्वी कुणालाच माहीत नव्हतं.” हेही खोटं होतं. ते आमच्या सरांच्या सरांनाही माहीत होतं.

अप्पांनी एक पुडी बाजूला ठेवली, दुसरा कागद घेतला. त्यावर चूर्ण घातलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आणि तो साका पोटात गेला तर? काय होतं माणसाला?”

मी तयारच होते. “विशेष नाही. जरा मळमळतं. डोकं जड होतं. मग गुंगी येते.”

“गुंगी येते?”

“हो. झोपच लागते. जास्त गेलं असेल तर त्या झोपेतच जातो माणूस.”

“झोपेतच.” त्यांनी कागदाची एक कड दुमडली. “अंग? अंग ताठतं बिठतं का?”

“नाही अप्पा. उलट सैल पडतं. अगदी सैल.”

“शुद्ध असते?”

“नाही. काहीच कळत नाही त्याला.”

“त्रास होत नसेल मग.”

“त्रास नाही. मुळीच नाही.”

“बरं,” अप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळानं पुन्हा, “बरं झालं सांगितलंस.” मला वाटलं, जमलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याच वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून मागं गेले, आमटीवरचं झाकण काढलं, नुसतंच ढवळलं आणि परत आले. त्यांनी लक्षणं ओळीनं विचारली होती. अंग, शुद्ध, त्रास. कंपाउंडरच्या सवयीनं विचारली असतील, असं मी मनाला सांगितलं.

तेवढ्यात दुकानाच्या फळीवर सावली पडली. बयाबाई. उंची तेवढीच, कंबर वाकलेली, केस पार पांढरे. तिनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. “ही अनुताई नव्हं? अगं माज्या बाई! लय वाळलीस गं. म्हमईत खायला घालत न्हाईत व्हय?” तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि मग पिशवीतून दोन बाटल्या काढून फळीवर ठेवल्या, एक उंच, एक बुटकी. अप्पांनी त्या विसळल्या, भरल्या. उंच बाटलीला निळा कागद चिकटवला, बुटकीला पांढरा, आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवून एकेकीवर बोट टेकलं.

“ही सकाळची, ताकदीची. ही रात्रीची, झोपेची. एकीतलं दुसरीत ओतायचं नाही. आणि तळाचं—”

“तळाचं प्यायचं न्हाई, वतून द्यायचं,” बयाबाईनं वाक्य पुरं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आईक. दर येळंला ह्येच. आन मंग कुनी वतलं न्हाई तर भांडत्यात. आदी वतलं म्हनून भांडायचे! एक बाटली मिळायची मारामार, तितं ह्यांनी दोन केल्या. वैनी गेल्या तवापास्नं ह्यो नेम हाय बग. कशापाई इचारलं तर सांगत न्हाईत.”

“बयाबाई, गाडी चुकेल तुमची,” अप्पा म्हणाले.

“जाते, जाते. आमटी उतू चाललीया तुमची, वास येतोय.” ती गेली. मी उठले नाही. आमटी उतू जात होती, मागच्या चुलीवर चर्र चर्र आवाज होत होता, आणि आम्ही दोघंही ऐकत बसलो होतो. आई गेली तवापास्नं. म्हणजे मी तळेगावच्या शाळेत जाऊ लागले तेव्हापासून, मी संस्कृतचं नाव काढलं तेव्हा, मी मोठी मोठी नावं घेत होते आणि ते भात कालवत होते तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांना हे माहीत होतं. त्यांना हे कुणी सांगितलं, कुठल्या पुस्तकात सापडलं, की तळ पाहून त्यांचं त्यांनाच उमगलं, मी विचारलं नाही. कसं विचारणार? ते इथे एकटे हे घेऊन राहिले होते आणि दर माणसाला दोन बाटल्या देत होते. आणि आत्ता मी त्यांच्यासमोर बसून, शिकून आलेली मुलगी, त्यांना ते मरण गोड करून सांगत होते, आणि ते प्रश्न विचारत होते. अंग ताठतं का. शुद्ध असते का. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. मी फक्त नऊ वर्षांची होते, त्यांनी तर तिला धरून ठेवलं होतं.

अप्पा उठले. आत जाऊन त्यांनी आमटी उतरवली, हात पुसत परत आले आणि माझ्यासमोर न बसता माझ्या मागं उभे राहिले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. त्याला कापराचा वास होता.

“अनू,” ते म्हणाले, “परीक्षेत मात्र असं लिहू नकोस.”

“नाही लिहिणार, अप्पा.”

हात डोक्यावर तसाच होता.

“पण मला पुन्हा एकदा सांग,” अप्पा म्हणाले. “झोप लागते म्हणालीस ना?”

“हो,” मी म्हटलं. “झोप लागते, अप्पा. आधी जरा डोकं जड होतं, आणि मग शांत झोप लागते.”